आधी कपाट, मग वर्ग

आमचा प्रस्ताव साडेतीन पानांचा होता आणि त्यात पुस्तकांविषयी एकच ओळ होती, तीही शेवटून दुसरी: ‘आवश्यकतेनुसार संदर्भग्रंथ उपलब्ध करून देण्यात येतील.’ बाकी सगळं रीतसर होतं. ‘आंतरराष्ट्रीय घडामोडी’ या एक वर्षाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाच्या तासिका, शुल्क, परीक्षेची पद्धत, अगदी उद्घाटनाला कोणाला बोलवायचं इथपर्यंत. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. प्रस्ताव मीच लिहिला होता.

व्यवस्थापनाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. गाव त्यांना नाना म्हणतं. स्वतः केळीचे बागायतदार, शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला अपेक्षितच होता: “मॅडम, हे शिकवाले दिल्ली आहे, पुणे आहे. आपले पोरं इथं हे शिकीसन काय करतीन?” दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी अडले. “आन् दिल्लीवाल्यांनी हे चालू केलं तव्हा कसं केलं होतं? पहिले काय मांडलं त्यांनी? ते पाह्यलं का तुम्ही?”

मी पाहिलं नव्हतं. पंधरा वर्षं आंतरराष्ट्रीय संबंध हा पेपर शिकवत होते, पण हा विषय शिकवणाऱ्या संस्था कशा उभ्या राहिल्या, याचा मी कधी विचार केला नव्हता. प्रस्ताव परत घेतला. पुढचे काही महिने नानांच्या प्रश्नांमागे गेले. त्यातून काय हाती लागलं आणि महाविद्यालयाने काय केलं, ते इथे लिहिते आहे, कारण आमच्यासारखी पेठेच्या गावातली महाविद्यालयं पुष्कळ आहेत आणि साडेतीन पानांचे प्रस्तावही पुष्कळ आहेत.

पहिला प्रश्न: इथे कशाला?

याचं उत्तर शोधायला गावाबाहेर फार जावं लागलं नाही. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला बादशहा जहांगीरच्या भेटीला निघाला होता. वाटेत तो नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला आला आणि तिथे शाहजादा परवेझला भेटला. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. पण फारुकी सुलतानांच्या खान्देशाची ती राजधानी होती, तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे, आणि आमच्याकडे केळीचा भाव काढताना आजही माणूस आधी बऱ्हाणपूरचा भाव विचारतो. हिंदुस्थानातल्या पहिल्या इंग्रज वकिलातीची वाट आपल्या तालुक्यांच्या अंगाने गेली, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरं एकमेकांकडे बघत राहिली.

त्यानंतर कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मुंबईत कापसाचे भाव चढत गेले, खान्देशात कापसाखालचं रान वाढलं. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. ज्या लढाईत आपला एकही माणूस नव्हता, तिने इथल्या शेतकऱ्याच्या घरात आधी पैसा आणला आणि मग तोच ओढून नेला.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते यावल तालुक्यातलं फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावठी साहित्यातून मंडप आणि कमानी सजवल्या. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. एवढं आमच्याकडच्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. जे सहसा सांगितलं जात नाही ते असं की अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंनी त्या भाषणात स्पेनमधलं युद्ध, अबिसीनियावरचा (आजच्या इथिओपियावरचा) इटलीचा हल्ला आणि युरोपात माजणारा फॅसिझम यांना मोठी जागा दिली होती. त्याच वर्षी काँग्रेसने स्वतःचा परराष्ट्र विभाग काढला होता आणि तो तरुण राममनोहर लोहियांकडे सोपवला होता. स्वतःचं सरकार नसलेल्या देशाने परराष्ट्र विभाग काढावा आणि त्यामागचा विचार तापीच्या खोऱ्यात, धुळीत बसलेल्या शेतकऱ्यांसमोर मांडावा, यात मला फार मोठी गोष्ट दिसते. माझे आजेसासरे त्या अधिवेशनात पाणी वाटणारे स्वयंसेवक होते. ते सांगत, की भाषण संपल्यावर त्यांनी गावच्या मास्तरांना विचारलं, स्पेन कोठे आलं. मास्तरांकडे नकाशा नव्हता. त्यांनी जमिनीवर काडीने युरोप काढून दाखवला.

अमळनेरचा दाखला नानांनाच आठवला. १९१६ साली प्रताप शेठ यांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातले अभ्यासक तिथे शिष्यवृत्तीवर येऊन राहत. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ १९३० च्या दशकात तिथे संचालक होता, इंग्रजी त्रैमासिक तिथून निघत असे, साने गुरुजी तिथे शिकायला म्हणून आले आणि मग अमळनेरचेच झाले. तालुक्याच्या गावात अशी संस्था उभी राहू शकते, याचा पुरावा शंभर वर्षांपासून आपल्या जिल्ह्यात आहे.

वेल्समधलं समुद्रकाठचं गाव

मग मी या विषयाची पहिली शाळा कुठे निघाली ते पाहिलं. लंडनमध्ये नाही, ऑक्सफर्डमध्ये नाही. वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं महाविद्यालय १८७२ साली एका बंद पडलेल्या हॉटेलच्या इमारतीत सुरू झालं. रेल्वेच्या धंद्यातल्या एका माणसाने हॉटेल बांधायला घेतलं, पैसा संपला, इमारत पडेल भावात महाविद्यालयाला मिळाली. खर्चासाठी वेल्समधल्या चर्चमधून रविवारी वर्गणी गोळा होई. खाणकामगार, शेतमजूर आपापल्या ऐपतीने नाणं टाकत. आमच्याकडच्या कितीतरी शिक्षणसंस्था अशाच मूठ-मूठ धान्यावर आणि गावच्या वर्गणीवर उभ्या राहिल्या आहेत, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला परकी वाटली नाही.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा या महाविद्यालयाचे कित्येक विद्यार्थी रणांगणावर राहिले होते. त्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस या धनिक खासदाराने आपल्या बहिणींसह २०,००० पौंड दिले आणि १९१९ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन सुरू झालं. अध्यासनाला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव दिलं. पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न. हेतू सरळ होता: पुन्हा असं युद्ध होऊ नये म्हणून युद्ध का होतं ते शिकायचं. १९३६ मध्ये, म्हणजे फैजपूरच्याच वर्षी, ई. एच. कार ब्रिटिश परराष्ट्र खात्यातली नोकरी सोडून त्या अध्यासनावर आले. शांततेच्या सदिच्छेवर उभ्या केलेल्या त्या जागेवरून त्यांनी सदिच्छेच्या राजकारणाचीच कठोर तपासणी केली. देणगीदाराला हे रुचलं नाही, पण कार तिथे १९४७ पर्यंत राहिले. देणगी देणाऱ्याला न आवडणारा विचार त्याच्याच पैशाच्या खुर्चीवरून मांडता आला, हे मला त्या संस्थेचं खरं बळ वाटतं.

अमेरिकेतली वाट वेगळी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९४२ मध्ये नौदलाने एक प्रशिक्षण शाळा चालवली. जिंकलेल्या प्रदेशांचा कारभार बघायला अधिकारी हवे होते. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्याच अनुभवातून तिथे आंतरराष्ट्रीय व्यवहारांची शाळा निघाली आणि तिच्याबरोबर रशियाच्या अभ्यासाची संस्थाही. रशियाचा अभ्यास पहिला का, हे १९४६ हे साल वाचूनच कळतं. ज्या देशाचं भय किंवा गरज, त्याचा अभ्यास आधी, हा धडा मी टिपून ठेवला. पुढे तो आमच्या उपयोगी पडला.

दिल्लीवाल्यांनी पहिले काय मांडलं

आता नानांचा दुसरा प्रश्न. आज जवाहरलाल नेहरू विद्यापीठातली स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही या विषयातली देशातली सर्वांत जुनी आणि नामवंत शाळा मानली जाते. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर तिथूनच पीएच.डी. झाले. पण ती विद्यापीठाने काढलेली नाही. विद्यापीठाहून ती वयाने मोठी आहे.

सुरुवात १९४३ ची. युद्ध चालू होतं, देश पारतंत्र्यात होता, आणि दिल्लीत काही लोकांनी इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स नावाची बिनसरकारी संस्था काढली. तेज बहादुर सप्रू तिचे पहिले अध्यक्ष. या मंडळींनी वर्ग काढला नाही. त्यांनी पुस्तकं, अहवाल, कागदपत्रं जमवायला घेतली. १९४५ मध्ये ‘इंडिया क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक सुरू केलं. मार्च-एप्रिल १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला साडेचार महिने उरले असताना, दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरवली. समारोपाला गांधीजी बोलले. या सगळ्याची कारभाराची बाजू सांभाळणारे गृहस्थ होते ए. अप्पादोराई, मूळचे दक्षिणेतले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. सप्रूंच्या नावाची इमारत, सप्रू हाउस, १९५५ मध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिच्यात इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाली. अप्पादोराई पहिले संचालक.

या शाळेमागे खंबीर उभे राहिलेले दुसरे नाव हृदयनाथ कुंझरू यांचं. कौन्सिलचे ते अनेक वर्षं अध्यक्ष होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते आजीव सदस्य, आणि १९३६ पासून त्या समाजाचे अध्यक्षही. मराठी माणसाला मात्र कुंझरू आठवतात ते दुसऱ्याच कारणाने. राज्य पुनर्रचना आयोगाचे तीन सदस्य म्हणजे फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर. ३० सप्टेंबर १९५५ ला त्यांनी अहवाल दिला, त्यात मुंबईचं द्विभाषिक राज्य सुचवलं होतं, आणि महाराष्ट्र पेटून उठला. एका हाताने देशातल्या सीमा आखायच्या आणि त्याच शरद ऋतूत दुसऱ्या हाताने जगाच्या अभ्यासाची शाळा उघडायची, असं त्यांचं आयुष्य त्या दिवसांत चाललं होतं. माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले. कुंझरूंचं नाव आमच्या घरी प्रेमाने कधीच घेतलं गेलं नाही. या अभ्यासामुळे मला त्या माणसाची दुसरी बाजू कळली.

आता क्रम नीट पाहा, कारण आमच्या प्रकरणाचा निकाल या क्रमाने लावला. १९४३ ला संस्था आणि ग्रंथालय. १९४५ ला त्रैमासिक. संस्था निघाल्यापासून बारा वर्षांनी, १९५५ ला शाळा, आणि तीही पदव्युत्तर वर्ग घेणारी नव्हे, पीएच.डी.चं संशोधन करवून घेणारी. सुरुवातीला पदवीसाठी दिल्ली विद्यापीठाशी संलग्न. जुलै १९५९ मध्ये शाळेचं स्वतःचं ‘इंटरनॅशनल स्टडीज’ हे त्रैमासिक निघालं. १९६१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे पदवी स्वतः देण्याचा अधिकार. जून १९७० मध्ये शाळा नव्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली आणि तिच्या नावातला ‘इंडियन’ गळला. १९७१-७२ मध्ये एम.फिल. आलं. आणि एम.ए.चा वर्ग १९७३-७४ मध्ये.

म्हणजे शाळा निघाल्यापासून अठरा वर्षांनी आणि ग्रंथालय मांडल्यापासून तीस वर्षांनी फळ्यासमोरचा वर्ग आला. आम्ही पहिल्या सोमवारी वर्ग आणि ‘आवश्यकतेनुसार’ ग्रंथ लिहून बसलो होतो.

दुसरी गोष्ट त्या शाळेच्या आतल्या रचनेची. तिने जग विषयांत न वाटता प्रदेशांत वाटलं. पश्चिम आशिया, दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, चीन-जपान, रशिया, अमेरिका, असे विभाग केले. एका प्रदेशाचा अभ्यासक त्याचा इतिहास, अर्थकारण आणि राजकारण तिन्ही वाचणार. त्यासाठी भाषा लागते. विद्यापीठात आल्यावर भाषांचे विभाग शेजारीच मिळाले. १९६५ मध्ये निघालेली रशियन अभ्यासाची संस्थाही त्याच विद्यापीठात आली होती. प्रदेशावर भर दिल्याने विषयाचा सिद्धान्त मागे राहिला, अशी तक्रार या क्षेत्रात वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिच्यात तथ्य आहे. तरी आमच्यासारख्यांना सुरुवात करायला प्रदेशच बरा वाटतो. सत्तासंतुलनाच्या व्याख्येपासून सुरू केलेला वर्ग दुसऱ्या आठवड्यात निम्मा होतो, हे मी पंधरा वर्षं पाहिलं आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी वाचून मला वाईट वाटलं. शाळा विद्यापीठात गेली, सप्रू हाउसमधली मूळ कौन्सिल मागे राहिली. लेक सासरी नांदली, फळली-फुलली, पण माहेर ओस पडलं. ज्या संस्थेने पुराना किल्ल्यात आशिया गोळा केला होता, तिची पुढच्या दशकांत रया गेली. अखेर संसदेने २००१ मध्ये कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं, उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष झाले, तेव्हा तिला पुन्हा बूड मिळालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीने घराला कुलूप पाहावं, तसं काहीसं. शाळा मोठी करताना तिला जन्म देणारं घर कोण सांभाळणार, हा प्रश्न लहान संस्थांनाही पडतोच. आमच्याकडे तर एखादा अभ्यासक्रम एका शिक्षकाच्या पायावर उभा असतो. तो निवृत्त झाला की कपाटाची किल्लीही सापडत नाही.

मग आम्ही काय केलं

नवा प्रस्ताव लिहिलाच नाही. प्राचार्यांकडे एक कपाट मागितलं. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ, लोखंडी. माजी विद्यार्थ्यांना पत्रं टाकली, की पैसे नकोत, पुस्तकं द्या. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी स्पर्धा परीक्षांची जुनी पुस्तकं पाठवली, त्यातली निम्मी परत करावी लागली. एका निवृत्त शिक्षकांनी मोठा ॲटलास दिला. दुबईत काम करणाऱ्या एका मुलाने तिथली जुनी वर्तमानपत्रं गठ्ठ्याने आणली.

कोणता प्रदेश घ्यायचा यावर वाद झाला नाही. कोलंबियावाल्यांनी रशिया घेतला, आम्ही आखात घेतलं. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली, आणि आता पट्ट्यात माल धुऊन खोक्यात भरणारी पॅक हाउस आणि तो थंड ठेवणारे रीफर कंटेनर रोजचे झाले आहेत. मोठी बाजारपेठ अजून उत्तर हिंदुस्थानच आहे, सावद्याच्या स्टेशनावरून रेल्वेने केळी दिल्लीकडे जाते. पण चांगल्या मालाचा भाव ठरवताना व्यापारी आता आखाताचं नाव घेतो. ठिबकचंही तसंच. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने २००७ मध्ये इस्राएलच्या नानदान कंपनीत निम्मा वाटा विकत घेतला, तेव्हा ती बातमी आमच्याकडे बांधावर चर्चिली गेली होती. म्हणजे एका बागेत नळी एका देशाशी जोडलेली आणि घड दुसऱ्याशी, आणि त्या दोन देशांचं आपसातलं नातं काय आहे हे बागवाल्याला कोणी सांगितलेलं नाही.

कपाटात म्हणून एक खण पुस्तकांशिवायचा ठेवला. सप्रू हाउसच्या ग्रंथालयातली वर्तमानपत्रांची कात्रणं संशोधकांमध्ये नावाजलेली आहेत. त्यावरून ही कल्पना सुचली. कात्रणं, भावाच्या चिठ्ठ्या, पॅक हाउसच्या पावत्या, जहाजाने माल गेल्याचे कागद, जे कोणी देईल ते तारखेनुसार फायलीत. पहिली फाइल नानांनी दिली. त्यात सात वर्षांच्या पावत्या होत्या, सुतळीने बांधलेल्या.

शनिवारी दुपारी वाचन ठेवलं. पहिल्या शनिवारी अकरा जण आले, दिवाळीनंतर सहा उरले. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, मग यायचं कशाला, असं काहींनी सरळ विचारलं. मी त्यांना दोष देत नाही. घरी कापणी चालू असताना शनिवार दुपार सोडून येणं सोपं नसतं.

ज्या घटनेमुळे ही बैठक टिकली, ती २०२३-२४ च्या हिवाळ्यातली. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले होते. जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली होती. रावेर तालुक्यातली आमची एक विद्यार्थिनी शनिवारी आली ती रागातच. तिच्या वडिलांचा कांदेबागेच्या केळीचा माल उतरवायला आलेल्या एका खरेदीदाराने भाव पाडून मागितला होता. कारण सांगितलं: “तांबड्या समुद्रात लढाई चालू आहे, दुबईचा माल अडकला.” वडिलांनी ऐकून घेतलं. टीव्हीवरही तेच दाखवत होते.

आम्ही ॲटलास उघडला. तिने न्हावा-शेवावर बोट ठेवलं आणि दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंत नेलं. अरबी समुद्र, ओमानचं आखात, होर्मुझची सामुद्रधुनी, मग इराणचं आखात. तांबडा समुद्र अरबस्तानाच्या पलीकडच्या अंगाला राहिला. तिने पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा तेच. “मॅडम, हा रस्ता तिथून जातच नाही.” त्या दुपारी कोणी चारला उठलं नाही.

तिथेच थांबलो असतो तर ती नुसती खरेदीदाराची लबाडी ठरली असती, आणि ते पूर्ण खरं झालं नसतं. पुढच्या दोन शनिवारी आम्ही कात्रणं काढून बसलो. जहाजं लांबच्या वळशाने गेली की तीच जहाजं आणि तेच कंटेनर जास्त दिवस गुंतून पडतात, रिकामे कंटेनर वेळेवर परत येत नाहीत, विम्याचा आणि वाहतुकीचा दर इतर मार्गांवरही चढतो. म्हणजे दुबईचा रस्ता मोकळा असूनही खर्च थोडा वाढू शकतो. पण ‘माल अडकला’ आणि ‘भाडं वाढलं’ यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने फार फरक आहे. भाडं किती वाढलं ते विचारता येतं, आणि तेवढंच भावातून वजा करा म्हणता येतं. अडकलेल्या मालापुढे माणूस गप्प बसतो. खरा धोका कुठे आहे तेही मुलांनी स्वतःच शोधलं: आपल्या केळीसाठी नाजूक जागा होर्मुझ आहे. इराणशी कोणाचंही बिनसलं की तिथे लक्ष ठेवायचं.

त्या मुलीने हे सगळं दीड पानांत मराठीत लिहिलं, खाली हाताने नकाशा काढला. त्या पानाच्या प्रती गावातल्या सोसायटीत आणि दोन पॅक हाउसवर लागल्या. इथे सप्रू हाउसच्या परंपरेची मला जाणवलेली एक उणीवही सांगते. तिथलं जवळपास सगळं लेखन इंग्रजीत आहे. पश्चिम आशियावर मराठीत शेतकऱ्याच्या हाती देता येईल असं फार थोडं लिहिलं गेलं आहे. आमच्या कपाटातला सर्वांत मोलाचा खण आता मुलांच्या या मराठी टिपणांचाच आहे. टिपणांमध्ये चुका असतात, मी लाल शाईने दुरुस्त करते, दुसऱ्या वर्षीची मुलं पहिल्या वर्षीच्या चुका काढतात.

भाषेच्या बाबतीत आम्ही अडखळलो. इंग्रजी बातम्या वाचतानाच मुलांची दमछाक होत होती, तिथे अरबी-फारसी कुठून आणायची? पण रावेर, सावदा, फैजपूर या गावांत उर्दू शाळा आहेत. त्या शाळांतून आलेली मुलं आमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसत, मराठी टिपणं उतरवताना मागे पडत. लिपीचा विषय निघाला तेव्हा त्यांच्यातल्या दोघांनी दुबईच्या अरबी वर्तमानपत्रातला मथळा अक्षर लावून वाचून दाखवला. अर्थ पूर्ण कळला नाही, पण अक्षरं ओळखीची होती. त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या बाकावरची मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली. एक निवृत्त उर्दू शिक्षक बऱ्हाणपूरहून महिन्यातून दोनदा येऊ लागले. आधी लिपी, मग सोपी फारसी. अरबीचा शिक्षक अजून मिळालेला नाही. भाषेशिवाय प्रदेशाचा अभ्यास लंगडा राहतो हे मला कबूल आहे, आणि आमचा अजून लंगडाच आहे.

सहलीचंही असंच. न्हावा-शेवा बंदर आतून दाखवायची परवानगी मिळाली नाही. तीन पत्रांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. मग मुलांना पॅक हाउसला नेलं. घडापासून फणी सुटी करणं, धुणं, वजन, खोक्यावरचा शिक्का, कंटेनरचं तापमान लावणं, हे सगळं मुलांनी वहीत उतरवलं. त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या घरी केळी आहे, तरी खोक्यावर छापलेलं परक्या देशाच्या आयातदाराचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

तिसऱ्या वर्षी प्रस्ताव पुन्हा मांडला. दोन पानांचा होता. सोबत कपाटातल्या ग्रंथांची, फायलींची आणि टिपणांची यादी जोडली, ती अकरा पानांची झाली. अभ्यासक्रम ३० तासांचा ठेवला आणि त्याचा आवाका एकाच प्रदेशापुरता. कपाटाची जबाबदारी एका शिक्षकावर न ठेवता ग्रंथपाल आणि दोन विद्यार्थी यांच्याकडे दिली, दर वर्षी विद्यार्थी बदलतील अशी अट घालून. सप्रू हाउसच्या माहेराची गोष्ट मी बैठकीत सांगितली होती, ही अट त्यावरून एका सदस्यांनीच सुचवली. नानांनी यादी पहिल्या पानापासून वाचली, आपल्या पावत्यांची नोंद सापडल्यावर तिथे बोट ठेवून थांबले, मग पुढे वाचत गेले. प्रस्ताव मंजूर झाला.

बऱ्हाणपूरहून येणाऱ्या सरांच्या बसभाड्याची तरतूद मात्र त्यात राहून गेली. सध्या ते भाडं शनिवारच्या बैठकीतली मुलं आळीपाळीने देतात. पुढच्या बैठकीसाठी तो विषय मी स्वतंत्रपणे मांडला आहे, आणि या वेळी तो पहिल्या ओळीत लिहिला आहे.